चौदा दारांची एक चावी

साबणाची वडी घेऊन आलेल्या माणसाला अनशीबायने कसं परत पाठवलं, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे.

बिरवाडीच्या नाक्यावर चहाच्या टपरीशेजारी ती दर रविवारी गोणपाट टाकून बसायची. चांगला शर्ट खोचलेला एक माणूस आला, इकडेतिकडे बघितलं आणि रुमालातून साबणाची वडी काढली. वडीवर चावीचा ठसा उठवलेला होता.

"एवढी एक चावी करून दे, मावशी."

अनशीबायने वडी उन्हात धरली. "ठसा झकास उठलाय रे," म्हणाली. मग शेजारच्या बादलीत हात बुडवून त्याच वडीने हात धुवायला लागली. कोपरापर्यंत धुतले. मग तोंड धुतलं. तो "अगं, अगं" करत राहिला. ठसा पार गुळगुळीत झाल्यावर तिने वडी त्याच्या हातात ठेवली आणि पदराने तोंड पुसत विचारलं, "वास बरा हाय. कुठून घेतलास?"

टपरीवरची माणसं चहा सांडेपर्यंत हसली. तो माणूस त्या नाक्यावर परत दिसला नाही.

ती आता नाही. पोलादपूरला पुतण्याच्या घरी वारली. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून कुणाशी तिच्याबद्दल बोलणंही झालं नाही. मनात आहे तोवर लिहून ठेवते.

अनशीबाय बुटकी, रुंद खांद्यांची, काष्टा घालणारी. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख कानस लागून लागून सपाट झालेलं. पन्नाशी ओलांडल्यावर तिने ठरवून टाकलं होतं की आपल्याहून लहान असेल त्याला अरे-तुरेच करायचं. मग तो सरपंच असो नाहीतर कंपनीतला साहेब. कुणाला राग आला तर म्हणायची, "चावी पाहिजे का मान पाहिजे? दोन्ही एका हातानं होत नाय."

तिचा नवरा मुंबईला एका मोठ्या हॉटेलात कुलपांच्या कामावर होता. त्याची नजर अधू झाली तसं तो कुलपं घरी आणायला लागला आणि दिव्याखाली बसून ती त्यातले बारीक भाग भरायला शिकली. दोन वर्षं हॉटेलची दारं हिच्या हातची होती आणि तिथे कुणाला पत्ता नव्हता. तो वारल्यावर ती एक लाकडी पेटी आणि एक मिसळणाचा डबा घेऊन पोलादपूरला आली. भावकीतल्या लोकांनी सांगितलं, बाईमाणसाने कुलपं उघडत फिरू नये, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "म्हणू देत. कुलूप अडकलं की माझ्याकडंच येतील." आणि दुसऱ्या दिवशी हायवेच्या कडेला बसली. लोक आलेच.

कुलूप बघितल्याशिवाय ती चावी करत नसे. नुसती चावी आणून 'हिच्यासारखी दुसरी दे' म्हटलेलं तिला चालायचं नाही. महाडहून एकजण कपाटाची चावी घेऊन आला होता. तिने विचारलं, "कपाट कुणाचं?"

"माझंच. म्हणजे बायकोचं. एकच की!"

"एकच हाय तर तिला घेऊन ये."

"आता तिला कशाला त्रास?"

"बरं, ही चावी तिला दाखवून आणलीस?"

तिने चावी त्याच्या खिशात आपल्या हाताने टाकली आणि वरून थोपटली. "जा. घरी जाऊन ठेव जिथली तिथं. तिनं शोधायच्या आत."

मी तिला म्हटलं, "बाय, असं करून गिऱ्हाईक तुटतं." तर म्हणाली, "चोराला कौल काढून आत येता येतं गो. त्याला माझी गरज नाय. माझ्याकडं येतात ते घरातलेच."

माझी तिच्याशी ओळख झाली ती भजीच्या कागदामुळे. मी बिरवाडीत एका बिल्डिंगीत झाडलोट करते. चौदा खोल्या, सगळ्या कंपनीत कामाला जाणाऱ्या मुलींना भाड्याने दिलेल्या. एका रविवारी मी टपरीमागे बसून भजी खाल्ली आणि कागदावरचं वाचत बसले. मला ती सवय आहे. शाळा चौथीत सुटली, पण वाचायची सवय सुटली नाही. अनशीबाय बघत होती.

"वाचता येतं?"

मी मान हलवली.

"लिहिता पण?"

परत मान हलवली.

"मग बस हितं, मास्तरणी. मला वही लिहून दे."

तेव्हापासून ती मला मास्तरीणच म्हणायची. तिला अक्षरओळख नव्हती. कुलपाच्या पोटातले पितळेचे दाणे सात उंचीचे असतात, ते ती मिसळणाच्या डब्याच्या सात वाट्यांत ठेवायची. आणि वाट्यांची नावं तीच, जी घरोघरी असतात. सगळ्यांत आखूड दाणा हळद, त्याहून उंच मोहरी, मग जिरं, मेथी, धणे, मिरची आणि सगळ्यांत उंच हिंग. नवऱ्याने आकडे शिकवले होते, ते हिने टाकून दिले. एखादी चावी म्हणजे 'मोहरी, जिरं, हळद, मिरची, धणे'. मी तसंच लिहून घ्यायची. कुणी वही चोरली असती तर त्याला वाटलं असतं, आमटीची कृती आहे.

आमच्या मालकाला चौदा खोल्यांची एक चावी हवी होती. प्रत्येक मुलीकडे आपापली, आणि एक अशी की जिने सगळी दारं उघडतील. एखादी नळ चालू ठेवून जाते, एखादी आत आजारी पडते, असं त्याचं म्हणणं. ते काम अनशीबायने घेतलं आणि वही मी लिहिली. म्हणून मला त्यातलं थोडं कळतं.

कुलपाच्या पोटात एक नळी असते, चावी तिच्यात जाते. नळीच्या वर पाच भोकं ओळीने. प्रत्येक भोकात दोन दाणे एकावर एक, आणि वरून स्प्रिंगचा दाब. चावी नसली की वरचा दाणा अर्धा नळीत उतरून बसतो आणि तिला फिरू देत नाही. बरोबर चावी गेली की तिच्या खाचा दाण्यांना बेताने उचलतात. पाचही ठिकाणी दोन दाण्यांमधली फट नळीच्या काठाला येऊन टेकते, आणि नळी फिरते. एक दाणा जरी केसभर वरखाली राहिला तरी फिरत नाही.

मास्टर, म्हणजे सगळी दारं उघडणारी ती एक चावी, करायची तर दोन दाण्यांच्या मधे एक पातळ चकती घालायची, माशाच्या खवल्यासारखी. मग त्या भोकात एकाच्या दोन फटी होतात. एक फट खोलीच्या चावीची, दुसरी मास्टरची. दोघींपैकी कुणीही आली तरी कुलूप तिला ओळखतं.

हे सांगून झाल्यावर तिने मला विचारलं, "आता सांग मास्तरणी, ह्या कुलपाला चाव्या किती लागतील?"

"दोन," मी म्हटलं.

"पाढे येतात ना? पाच जागा, प्रत्येक जागी दोन फटी. पहिल्या जागी खोलीची आणि दुसऱ्या जागी मास्टरची, अशी सरमिसळ झाली तर?"

मी बोटांवर मोजलं. दोन दुणे चार, चार दुणे आठ, आठ दुणे सोळा, सोळा दुणे बत्तीस.

"बत्तीस!"

"त्यातल्या दोन मी केल्या. बाकीच्या तीस कुणी केल्याच नायत, तरी त्या लागतात. मास्टर म्हणजे कुलपाला पाडलेली भोकंच गो. माझं भ्या त्या तिसांचं."

म्हणून तिचा नियम होता. नवी चावी झाली की ती चौदाही दारांना लावून बघायची. स्वतःचं सोडून दुसरं एखादं दार उघडलं तर ती चावी मोडून टाकायची. चौदा खोल्यांसाठी ती तीन रविवार जिने चढली-उतरली.

मास्टर तिने मालकाच्या हातात तशी दिली नाही. खादीच्या चिंधीत गुंडाळली आणि गोधडीचा टाका घालून चारी बाजूंनी शिवून टाकली. तिचा टाका वेगळाच होता, उलटा मागे वळणारा. "लागली तर काप," म्हणाली. "पण कापलीस की मुलींना कळलं पाहिजे. मी येऊन परत शिवीन." मालक हसला. पण कबूल झाला, आणि ती पुडी त्याच्या ऑफिसात देवाच्या फोटोखाली खिळ्याला लटकवली.

पुढे पावसाळ्यात मालकाने निरोप धाडला, जिन्याखालच्या स्टोअरलाही तसलंच कुलूप पाहिजे, मास्टरने उघडणारं. ती आली त्या दिवशी कशेडी घाटात दरड आली होती. ट्रकांची रांग पोलादपूरपर्यंत लागलेली, एसटी मिळेल की नाही याचा भरवसा नाही. वही माझ्याकडे आणि मी तापाने घरी. तिने पेटीतली एक तयार चावी घेतली, तिच्यावर आणि पाठ असलेल्या मास्टरवर कुलूप भरलं, बसवलं आणि पळाली. स्टोअरची चावी गेली मालकाच्या मेहुण्याकडे, बाळूकडे. बिल्डिंगीची देखरेख तोच करतो.

दिवाळीनंतर मुली कुजबुजायला लागल्या. सहा नंबरमधली सारिका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली पोर, घरातून पहिलीच बाहेर पडलेली. ती एक दिवस मला म्हणाली, "मावशी, माझ्या ट्रंकेतले कपडे कुणीतरी काढून परत घातलेत. माझी घडी अशी नसते." मग फणी जागेवर नसायची. मग गादीवर कुणी बसून गेल्यासारखं. चोरीला काही जात नव्हतं, म्हणूनच मुली जास्त घाबरल्या. सारिका कामावर जाताना दाराच्या फटीत केस अडकवून जायला लागली. परत येईपर्यंत केस खाली पडलेला असायचा.

मुलींनी मालकाला सांगितलं. त्याने फोटोखालची पुडी काढून दाखवली. टाका शाबूत. "चावी हितं शिवलेली हाय, मग आत गेलं कोण? भूत? उगाच बिल्डिंगीचं नाव खराब करू नका. ज्यांना भीती वाटते त्यांनी खोली सोडा." आणि त्याने सारिकाच्या बापाला फोन केला की तुमची मुलगी काहीबाही बोलते, घेऊन जा. बापाने कळवलं, रविवारी येतो. म्हणजे सारिकाची नोकरी संपली होती. वाडीवर गेलेली पोर परत कोण पाठवतंय?

मी एक गोष्ट बघितली होती. दुपारी जिना पुसताना बाळू सहा नंबरमधून बाहेर आला होता. हातात लाल दोरी बांधलेली स्टोअरची चावी. मला बघून हसला. मी खाली बघून फडकं पिळत राहिले. आठ दिवस मी ते कुणाला सांगितलं नाही.

त्या रविवारी सकाळी मी नाक्यावर जाऊन अनशीबायला सांगितलं. तिची कानस थांबली. तिने हातातली चावी गोणपाटावर ठेवली. मला वाटलं, माझ्यावर चिडली. मग म्हणाली, "स्टोअरची चावी मी दारोदार लावली नव्हती."

"बाय, तुझा टाका शाबूत आहे. तुला कोण बोलणार?"

"म्हणूनच बोललं पाहिजे. माझ्या टाक्याच्या जिवावर तो पोरींना खोटं पाडतोय." तिने पेटी बंद केली. "तुझं नाव मी घेत नाय. वही तेवढी आण."

आम्ही पोचलो तेव्हा सारिकाचा बाप येऊन गॅलरीत उभा होता. रिकामी पिशवी काखेत. रविवार म्हणून सगळ्या मुली घरी. मालक आणि बाळू बापाला समजावत होते. अनशीबाय थेट बाळूपुढे गेली.

"स्टोअरची चावी दे."

"हरवली," बाळू म्हणाला.

"मग आज सकाळी झाडू कशानं काढून दिलास? दातानं?"

मुली हसल्या. मालकाने बाळूकडे बघितलं. बाळूने खिशातून लाल दोरी काढली. अनशीबायने ती चावी सहा नंबरच्या दारात घातली आणि फिरवली. दार उघडलं. मग नऊला लावली. तेही उघडलं. मग अकराला.

"ही स्टोअरची चावी हाय," ती बापाकडे वळून म्हणाली. "तुझी पोर खोटं बोलत नाय."

"तू हातोहात चावी बदललीस, ही बाहेरून करून आणलीस," मालक म्हणाला.

"मास्तरणी, वाच."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वही ओली झाली घामाने. पण अक्षर माझंच होतं, ते तरी मला वाचता येत होतं. "खोली सहा," मी वाचलं. "मोहरी, जिरं, हळद, मिरची, धणे."

"मास्टर?"

"हिंग, हळद, मेथी, जिरं, मोहरी."

"आमटी करताय काय?" मालक म्हणाला.

अनशीबायने स्टोअरची चावी वर धरली आणि सपाट नखाने एकेक खाच दाखवत गेली. "पहिली मोहरी, ही सहाची. दुसरी हळद, ही मास्टरची. तिसरी मेथी, मास्टरची. चौथी मिरची, सहाची. पाचवी मोहरी, मास्टरची. अर्धी ही, अर्धी ती. नऊ-अकराचंपण तसंच. म्हणून कुलूप फसलं. लावून बघायला पाहिजे होती, मी बघितली नाय. एसटी चुकेल म्हणून पळाले. चूक माझी हाय. पण चुकीची चावी घेऊन पोरींच्या खोलीत गेला तो मी नाय."

बाळू जिना उतरून गेला. त्याला कुणी अडवलं नाही.

मग तिने पेटी उघडली आणि सहा नंबरचं कुलूप खोलायला घेतलं. मालक धावला. "काय करतेस?"

"चकत्या काढते. चौदाच्या चौदा."

"माझी बिल्डिंग हाय! माझी दारं हायत! स्टोअरचं कुलूप बदल, संपलं."

"दारं तुझी. चकत्या माझ्या."

"आणि उद्या एखादी आत बेशुद्ध पडली तर? मी काय करायचं?"

"दार मोड," ती म्हणाली. "मोडलेलं दार सगळ्यांना दिसतं."

मालक म्हणाला, पोलीस बोलावतो. ती म्हणाली, बोलाव, त्यांनापण वही वाचून दाखवू. नऊ नंबरची मुलगी आतून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली आणि आपल्या दाराचे स्क्रू आपणच सोडवायला लागली. मग अकराची. मग सगळ्याच. अनशीबाय जमिनीवर फतकल मारून बसली होती आणि मुली कुलपं आणून तिच्या पुढ्यात ठेवत होत्या. चिमट्याने ती एकेक चकती उचलायची, तिच्या जागी पुरा दाणा घालायची, बोटाने चाचपायची. दुपारचं जेवण तिने घेतलं नाही. मालक खाली जाऊन गेटवरच्या माणसाला ओरडून सांगत होता, आजपासून ह्या बाईला आत घ्यायचं नाही, आणि महाडात एक बिल्डिंग हिला काम देणार नाही, बघतोच मी. ते खरं झालं. त्यानंतर तिला बिल्डिंगीचं काम कुणी दिलं नाही. तिच्या चुकीचीच चर्चा झाली, आणि ती तिनेच सांगितलेली होती.

सहा नंबरचं कुलूप तिने शेवटी बसवलं. सारिकाला आत पाठवून दार ओढून घ्यायला लावलं आणि बाहेरून आधी स्टोअरची चावी लावली. फिरली नाही. मग खाली ऑफिसात गेली, फोटोखालची पुडी काढून आणली, आपलाच टाका दाताने तोडला आणि मास्टर लावली. तीही फिरली नाही. दोन्ही चाव्या तिने पक्कडीत धरून वाकवल्या.

सारिका बाहेर आली. अनशीबायने तिची चावी तिच्या हातात दिली.

बाप इतका वेळ भिंतीला टेकून सगळं बघत होता. तो पुढे आला. "बाय, उपकार झाले. आता हिची एक चावी मलापण करून दे. म्हणजे हिला ठेवायला माझी हरकत नाय."

मला वाटलं, झालं, आता करून देईल. बापच तो.

"नाय," अनशीबाय म्हणाली.

"मी बाप हाय तिचा!"

"हायस ना? मग दार वाजव. बापाला पोर उघडते."

तो लाल झाला. पिशवी या काखेतून त्या काखेत घेतली. सारिकाने एकदा दोघांकडे बघितलं, आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. लॅच पडल्याचा आवाज आला.

अनशीबायने पेटी कमरेवर घेतली. मला म्हणाली, "वही तुझ्याकडंच ठेव," आणि जिना उतरायला लागली. त्या दिवसानंतर ती मला दिसली नाही. मालकाने नाक्यावरही तिला बसू दिलं नाही आणि तिचे गुडघे गेल्यावर ती पोलादपूरच्या बाहेर पडलीच नाही.

बाप दारासमोर उभा. त्याने इकडेतिकडे बघितलं. मग बोटाने दोनदा टकटक केली, परक्याच्या घरी करतात तशी.

आतून सारिका म्हणाली, "कोण?"

"मी. आबा."

"न्यायला आलात का भेटायला?"

अनशीबाय जिन्याच्या वळणावर थांबली. पाठ आमच्याकडे, एक हात कठड्यावर. बापाने काखेतली पिशवी काढली, तिची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात कोंबली.

"भेटायला," तो म्हणाला.

लॅच उघडल्याचा आवाज होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग मागे न बघता उतरून गेली.